वही जळाली, हिशेब जळाला काय?

गेल्या चैत्रात अंबाजोगाई तालुक्यातील एका गावी अखंड हरिनाम सप्ताह होता. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवरून नुकत्याच परतल्या होत्या, त्यामुळे गाव माणसांनी भरलेले होते. पाचव्या दिवशीची कीर्तनसेवा आमच्याकडे होती. नामरूपाच्या लयाचा विषय चालला असता ओघात आम्ही बोलून गेलो : "विज्ञानाने आता आकाशात कृष्णविवर म्हणून एक वस्तू शोधून काढली आहे. त्यात जे पडते ते कायमचे नाहीसे होते. नाव नाही, रूप नाही, मागमूस नाही. आपल्या संतांनी हे पूर्वीच सांगून ठेवलेले आहे!" श्रोत्यांनी माना डोलावल्या, टाळकऱ्यांनी गजर केला, आणि दृष्टांत फार उत्तम साधला असे आम्हांसही वाटले.

पंगत उठल्यावर एक विशीतला मुलगा जवळ आला. पायावर डोके ठेवून म्हणाला, "महाराज, एक इचारू का? राग नका मानू."

"विचार की बाळा."

"तुम्ही म्हनलात, त्या विवरात पडलं की कशाचाच मागमूस ऱ्हात न्हाई. आन् मागल्या साली तुम्हीच सांगितलं व्हतं की केलेलं बुडत न्हाई, त्याचा हिशेब ऱ्हातोच. ह्यातलं खरं कंचं?"

आम्ही काही तरी गुळमुळीत उत्तर देऊ लागलो, तेव्हा तो खरे ते बोलला. त्याच्या आईबापांनी मुकादमाकडून घेतलेली उचल दोन हंगामांत फेडली होती. नोंद मुकादमाच्या वहीत. आता मुकादम म्हणतो की गोठ्याला आग लागली त्यात वही जळाली. हिशेबच नाही. तेव्हा पुन्हा फेडा, नाही तर यंदाही तुमचा कोयता माझ्याच टोळीत. "वही जळली म्हंजी हिशेब जळला का, महाराज?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आणि लाज वाटावी अशी दुसरी गोष्ट ही, की त्या दिवसाची पंगत त्याच मुकादमाची होती, व अर्ध्या तासापूर्वी आम्ही त्याला नारदाच्या गादीवरून 'अन्नदाते' म्हणून गौरवले होते.

त्या रात्री झोप आली नाही. आपण जे जाणत नाही त्यावर बोललो, आणि वर त्याला संतांची मोहोर लावली. संतांची साक्ष काढावयाची तर आधी आपल्याला वस्तू ठाऊक नको काय? अंबाजोगाईस पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले एक गुरुजी आमच्या परिचयाचे आहेत. त्यांच्या ओसरीवर आम्ही चार दुपारी बसलो. तेथे जे पदरात पडले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण असे दृष्टांत आम्ही एकटेच देतो असे नाही.

गुरुजी म्हणाले, "आकाशात जाण्याआधी परळीला चला."

शेगावच्या श्रीगजानन महाराजांच्या पालखीबरोबर जे वारकरी पंढरीस जातात त्यांना परळी ठाऊक आहे. एकीकडे वैजनाथाचे शिखर, दुसरीकडे औष्णिक वीज केंद्राची धुराडी. कोळसा जाळावा, पाण्याची वाफ करावी, वाफेने चक्र फिरवावे, चक्राने वीज करावी, असा तो कारभार. २०१३ च्या दुष्काळात हे केंद्र बंद ठेवावे लागले. कशावाचून? पाण्यावाचून. येथे गुरुजींनी आम्हांस अडविले : "बुवा, आग आहे, वाफेपुरते पाणीही फिरवून फिरवून वापरता येते. मग एवढे पाणी लागते कशाला?"

उत्तर असे, की ते पाणी मुख्यत्वे गार करण्यासाठी लागते. उष्णता नुसती असून काम करीत नाही. ती उष्ण जागेकडून थंड जागेकडे वाहू लागली म्हणजे वाटेत काम करते. धरणाचे पाणी खाली उतरताना चक्र फिरवते तसेच. खाली उतरावयास जागाच नसेल तर वर कितीही साठा असून उपयोग नाही. म्हणून दर खेपेस उष्णतेचा मोठा वाटा थंड पाण्याला देऊन टाकावाच लागतो. कोणताही कारागीर, कितीही हुशार असो, हा कर चुकवू शकलेला नाही.

या नियमाचे दुसरे रूप आपल्या राहुटीतच दिसते. घंगाळात कढत पाणी आहे, त्यात गार विसण घातले, कोमट झाले. आता त्यातले कढत वेगळे आणि गार वेगळे काढून दाखवा! पाणी तितकेच आहे, उष्णताही तितकीच आहे, पण काही तरी गेले ते परत येत नाही. जर्मन शास्त्रज्ञ क्लॉसियस याने १८६५ साली या परत न येण्याच्या मापाला 'एंट्रॉपी' हे नाव दिले. आपण त्याला विस्कळितपणाचे खाते म्हणू. या खात्यात जमा होत जाते, खर्ची कधी पडत नाही. एका कोपऱ्यात नीटनेटके केले तर दुसरीकडे त्याहून अधिक विस्कटते. साऱ्या जगाचा ताळा पाहिला तर विस्कळितपणा वाढतच असतो.

आता जळालेल्या वहीकडे या. कागद गेला, शाई गेली. पण गुरुजी म्हणाले की निसर्गाच्या मुळाशी असलेले नियम काही पुसून टाकीत नाहीत, फक्त विखरून टाकतात. वहीतला एकेक कण धुरात, राखेत, ज्वाळेच्या प्रकाशात गेला. 'पाचशे जमा' लिहिलेले पान आणि कोरे पान यांचा धूर अगदी सारखा नसतो. फरक इतका बारीक असतो की तो वेचून पुन्हा अक्षर जुळविणे कोणाही माणसाच्या आवाक्यातले नाही, परंतु फरक असतो. म्हणजे विखुरणे वेगळे आणि बुडणे वेगळे. एंट्रॉपी हे विखुरल्याचे माप आहे, बुडाल्याचे नव्हे.

"तर मग," आम्ही विचारले, "कृष्णविवरात पडले ते विखुरले की बुडाले?"

"हाच तो प्रश्न," गुरुजी हसले. "तुमच्या त्या पोराने विचारलेला प्रश्न पन्नास वर्षे मोठमोठ्यांना झोपू देत नाही."

कृष्णविवर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. पृथ्वीवरून दगड वर फेकला तर खाली येतो. पुरेशा वेगाने फेकला तर सुटून जातो. एखादी वस्तू दाबून दाबून इतकी लहान केली की तिच्या ओढीतून प्रकाशही सुटू नये, तर ती कृष्णविवर. आपला सूर्य असा दाबावयाचा तर तो तीन किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यात बसवावा लागेल. पृथ्वी बोराएवढी करावी लागेल. सूर्याहून पुष्कळ मोठे तारे इंधन सरल्यावर आपल्याच भाराने कोसळून असे होतात. २०१९ च्या एप्रिलमध्ये एका दूरच्या दीर्घिकेतील कृष्णविवराचे चित्र प्रसिद्ध झाले, ते पुष्कळांनी पाहिलेच असेल. तेजाचे कडे आणि मध्ये काळोख. त्याचे वजन साडेसहाशे कोटी सूर्यांइतके आहे.

त्याच्या भोवती एक सीमा असते, तिला घटनाक्षितिज म्हणतात. आपण तिला उंबरा म्हणू. तेथे भिंत नाही, खूण नाही. आत जाणाऱ्याला तो ओलांडल्याचे कळतही नाही. पण तो ओलांडला की प्रकाश, निरोप, हाक, काहीच बाहेर येत नाही. बाहेरून पाहणाऱ्यास कृष्णविवराविषयी तीनच गोष्टी कळतात : वजन किती, फिरते किती, आणि विजेचा भार किती. आत तारा पडला की सोन्याची लगड की मुकादमाची वही, बाहेर हे तीनच आकडे.

म्हणजे आम्ही कीर्तनात जे बोललो ते १९७० च्या सुमारास शास्त्रज्ञही मानीत होते. त्यांचे ते ज्ञान पुढे गेले आणि आम्ही मात्र मागल्या मुक्कामावरच उभे होतो!

पुढची कथा चहाच्या कपाची आहे. अमेरिकेत प्रिन्स्टन येथे जॉन व्हीलर नावाचे आचार्य होते. त्यांनी आपला तरुण शिष्य जेकब बेकेनस्टाइन याला गमतीने विचारले : कढत चहाचा कप थंड कपाजवळ ठेवला, दोन्ही कोमट झाले, म्हणजे मी जगाच्या विस्कळितपणात भर घालण्याचा अपराध केला. पण दोन्ही कप उचलून कृष्णविवरात टाकले, तर अपराधाचा पुरावाच नाहीसा झाला की नाही?

वाचकहो, विनोदाने विचारले असले तरी मुकादमाच्या वहीचा प्रश्न तो हाच आहे. केलेले लपविता येईल अशी एखादी जागा या विश्वात आहे काय? असेल तर उष्णतेचा तो न चुकणारा नियम तेथे मोडला.

शिष्याने प्रश्न थट्टेवारी नेला नाही. तो त्यावर बसून राहिला, आणि १९७२ साली त्याने उत्तर दिले : नाही, अपराध लपत नाही, त्याची नोंद उंबऱ्यावर होते. इंग्लंडच्या स्टीफन हॉकिंग यांनी त्याच्या आदल्या वर्षी गणिताने दाखविले होते की कृष्णविवराच्या उंबऱ्याचे क्षेत्रफळ कधी घटत नाही. बेकेनस्टाइन म्हणाला, जे कधी घटत नाही असे आणखी एक खाते आपल्याला ठाऊक आहेच. हे क्षेत्रफळ म्हणजेच कृष्णविवराची एंट्रॉपी. कप आत पडला की उंबरा तेवढा वाढतो.

यात एक नवलही आहे. कणगीत धान्य किती मावेल ते तिच्या पोटावर ठरते, बाहेरच्या कुडावर नव्हे. पण येथे खाते भरते ते पोटाच्या हिशेबाने नव्हे, उंबऱ्याच्या पृष्ठाच्या हिशेबाने. जणू आतल्या मालाची सारी नोंद कुडावर बाहेरून लिहिलेली असावी. असे का, याचा शोध अजून चालू आहे.

हॉकिंग यांना हे मुळीच पटले नाही, उलट रागच आला. त्यांचा आक्षेप बिनतोड होता. एंट्रॉपी आहे तर तापमान असले पाहिजे, तापमान आहे तर उष्णता बाहेर पडली पाहिजे, आणि कृष्णविवरातून तर काहीच बाहेर पडत नाही! १९७३ साली त्यांनी दोघा सहकाऱ्यांसह लेख लिहून कृष्णविवराचे चार नियम मांडले, आणि उष्णतेच्या नियमांशी त्यांचे साम्य केवळ वरवरचे आहे असे बजावले. पुढे क्वांटम शास्त्राचे नियम उंबऱ्याजवळ लावून त्यांनी गणित केले, तो काय? १९७४ साली निघाले ते असे, की कृष्णविवरातून खरोखरच उष्णता पाझरते. ज्याचे म्हणणे खोडून काढावयाचे होते त्याचेच म्हणणे त्यांच्या लेखणीतून सिद्ध झाले, आणि त्यांनी ते जगापुढे मांडले. आपला हट्ट आपल्याच गणिताने मोडला तर तो हसतमुखाने मोडू द्यावा, हा धडा कीर्तनकारासही घेण्यासारखा आहे.

ही उष्णता किती? सूर्याएवढ्या वजनाचे कृष्णविवर असेल तर निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी. रिकामे आकाशसुद्धा त्याहून पुष्कळ उबदार, म्हणजे पावणेतीन अंशांजवळ आहे. आणखी उलटी तऱ्हा अशी की विवर जितके अधिक खाईल तितके ते थंड होते. असे एखादे विवर पाझरून पाझरून संपावयाचे तर एकावर सदुसष्ट शून्ये इतकी वर्षे लागतील, आणि विश्वाचे वय आहे अवघे १३८० कोटी वर्षे. त्यामुळे ही उष्णता अद्याप कोणी प्रत्यक्ष मोजलेली नाही. गणित मात्र निरनिराळ्या वाटांनी तेथेच येऊन पोहोचते.

उंबरा घटत नाही ही गोष्ट मात्र आता निरीक्षणानेही पारखली गेली आहे. दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत एक झाली की अवकाश-कालात लाटा उठतात. त्या टिपणारी यंत्रे अमेरिकेत आहेत, आणि १४ सप्टेंबर २०१५ रोजी त्यांनी पहिली लाट टिपली. गोंगाटातून असा क्षीण स्वर ओळखण्याची गणिती रीत घडविण्यात पुण्याच्या 'आयुका' संस्थेतील संजीव धुरंधर व त्यांचे विद्यार्थी यांचा वाटा मोठा आहे. घंटेवर टोला पडला की ती घुमत घुमत शांत होते, तसे धक्का बसलेले कृष्णविवरही घुमून शांत होते हे बंगळूरचे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० सालीच गणिताने सांगितले होते. १४ जानेवारी २०२५ रोजी अशी एक घूम फार स्पष्ट ऐकू आली. सूर्याच्या तीस-पस्तीस पट वजनाची दोन विवरे एक झाली. त्यात तीनएक सूर्यांइतके वजन लाटांच्या रूपाने निघून गेले. म्हणजे वजन घटले. उंबऱ्याचे काय झाले? आधी दोहोंचे क्षेत्रफळ मिळून सुमारे दोन लाख चाळीस हजार चौरस किलोमीटर होते, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून कमी. नंतर एकाचेच झाले सुमारे चार लाख, म्हणजे महाराष्ट्राहून बरेच अधिक. वजन गेले तरी खाते वाढलेच.

असेच एक यंत्र आता आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथाच्या परिसरात व्हावयाचे आहे. एकमेकींशी काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि खर्च २,६०० कोटी रुपये. केंद्र सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये त्यास मंजुरी दिली. औंढ्याचे नाव निघताच वारकऱ्यास विसोबा खेचर आठवतील. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांनी नामदेवरायांना सांगितले, जेथे देव नाही अशी जागा दाखव, तेथे माझे पाय ठेव. परंपरेने सांगितलेली ही कथा आहे, आणि तिचा अर्थ तिच्यापुरता पूर्ण आहे. तिला कृष्णविवराची जोड देण्याचा मोह आम्हांस पुन्हा झाला, हे कबूल करतो. तो आवरला.

येथवर उत्तर सोपे दिसते : नोंद उंबऱ्यावर आहे, काही बुडत नाही. पण हॉकिंग यांनीच १९७६ साली नवी अडचण काढली. विवरातून पाझरणारी उष्णता नुसती उष्णता आहे, तिच्यावर आत पडलेल्या वस्तूची काहीच खूण दिसत नाही. मग विवर पाझरून संपले की उंबराही गेला आणि त्यावरची नोंदही गेली. धुरात निदान बारीक फरक होता. येथे तोही नाही! त्यांचे मत झाले की हिशेब खरोखरच बुडतो. १९९७ साली त्यांनी व किप थॉर्न यांनी मिळून जॉन प्रेस्किल यांच्याशी पैज मारली. सात वर्षांनी, २००४ साली, हॉकिंग यांनी भर सभेत हार मान्य केली आणि पैजेप्रमाणे एक कोश देऊन टाकला. आज बहुतेक अभ्यासकांचा कौल असा की हिशेब बाहेर येतो. २०१९ पासूनची गणितेही तिकडेच झुकतात. तो नेमका कोणत्या वाटेने येतो हे मात्र पूर्ण उलगडलेले नाही.

आता विवराच्या पोटात काय आहे ते पाहू, कारण कीर्तनात खरा घोटाळा तेथे होतो.

आपण चालणारी माणसे आहोत. वाट म्हणजे काय ते आपल्याला कोणी शिकवावयास नको. वाट गावाला पोचते, नदीला पोचते, किंवा दुसऱ्या वाटेला मिळते. पण अशी कल्पना करा की चालता चालता वाटच संपली. पुढे गाव नाही, कडा नाही, भिंत नाही. पुढे 'पुढे'च नाही. अवकाश-कालात अशी वाट तुटते तिला शास्त्रज्ञ 'सिंग्युलॅरिटी' म्हणतात. कलकत्त्याचे अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ साली एक समीकरण मांडले, ते असे की गुरुत्वाकर्षण जवळजवळच्या वाटांना एकमेकींकडे ओढीत नेते. त्याच धर्तीवर विचार करून रॉजर पेनरोज यांनी १९६५ साली सिद्ध केले की उंबऱ्याच्या आत गेलेल्या वाटा कोठे तरी तुटल्याच पाहिजेत, मग तारा कसाही कोसळलेला असो. त्यांना २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले. रायचौधुरी ते पाहावयास नव्हते, ते २००५ साली वारले.

ही तुटण्याची जागा पुढे कोठे तरी दिसते आणि तिला वळसा घालता येतो असेही नाही. गुरुजी म्हणाले, उंबऱ्याच्या आत ती जागा राहात नाही, ती वेळ होते. उद्याचा दिवस टाळून डावीकडे वळता येत नाही, तशी ती टाळता येत नाही.

तेथे घनता 'अनंत' होते असे पुस्तकांत लिहिलेले असते. हा शब्द कानी पडला की आमच्यासारख्यांचे कान टवकारतात. पण सावध! एक भाकरी चौघांत वाटली तर पाव, दोघांत अर्धी, एकाला सबंध. शून्य माणसांत वाटली तर एकेकाच्या वाट्याला किती? येथे 'अनंत' असे उत्तर लिहून काही महान वस्तू हाती आली असे होत नाही, तो प्रश्नच मोडून पडतो. गणितातले हे अनंत म्हणजे आमची रीत येथे चालत नाही, एवढी कबुली आहे. भजनातला अनंत तो हा नव्हे. जेथे हिशेबनिसाची लेखणी मोडली ती जागा देवाची म्हणून दाखवू लागलो, तर उद्या कोणी नवी लेखणी आणील तेव्हा देवाला तेथून उठवावे लागेल.

आणि ती नवी लेखणी घडविणारे आपल्यातच आहेत. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर यांनी आपले गुरू हॉईल यांच्यासह वेगळा मार्ग धरला. जेथे सारे नियम एकदम थांबतात असा विश्वाचा आरंभ त्यांनी मानला नाही. पुढचे पुरावे त्यांच्या मताविरुद्ध गेले आणि बहुतेक अभ्यासक दुसऱ्या बाजूस राहिले. तरी 'नियम मोडतात तेथे थांबून विचारा' हा त्यांचा आग्रह मोलाचा होता. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी टोपण नावाने जी कथा पाठविली तिचेही नाव 'कृष्णविवर' असेच होते. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. धुळे जिल्ह्यातील शिरपूर येथे १९४९ साली जन्मलेले अभय अष्टेकर यांनी अमेरिकेत राहून असा विचार मांडला की अवकाश हे अखंड वस्त्रासारखे दिसले तरी त्याचेही सूत मोजता येते. क्षेत्रफळाला सर्वांत लहान असा तुकडा आहे. त्यांनी व सहकाऱ्यांनी उंबऱ्यावरचे हे तुकडे मोजून बेकेनस्टाइनचे खाते जुळवून दाखविले. त्यात एक आकडा अजून हाताने बसवावा लागतो. याच रीतीने २००६ साली केलेल्या गणितात विश्वाच्या आरंभीची वाट तुटत नाही. एक विश्व आकुंचन पावते, आणि त्यातूनच पुढचे प्रसरण सुरू होते. याला निरीक्षणाचा दाखला मिळावयाचा आहे. पुण्यातच 'आयुका'मध्ये थानू पद्मनाभन २०२१ पर्यंत, म्हणजे आपल्या निधनापर्यंत, असे मांडीत राहिले की जी वस्तू तापते तिच्या पोटात बारीक कण असलेच पाहिजेत. अवकाश-कालाला तापमान आहे, तर तेही कशाचे तरी विणलेले असले पाहिजे.

एवढे ऐकून आम्ही गुरुजींचा निरोप घेतला. मनात आले, त्या मुलाला आता काय सांगावे?

"बाळा, विज्ञानही म्हणते की हिशेब बुडत नाही" असे सांगितले असते तर तो समाधान पावला असता, आणि आम्ही पुन्हा तीच लबाडी केली असती. कारण राखेत नोंद आहे हे खरे असले तरी ती वाचणारा कोणी नाही. निसर्ग हिशेब बुडवीत नाही, पण तो चावडीवर येऊन साक्षही देत नाही. चहाच्या कपाचा अपराध उंबऱ्यावर नोंदला जातो, त्याने कोणाचे बुडालेले पैसे परत येत नाहीत. कर्माचा हिशेब राहतो ही आमची श्रद्धा आहे. तिला कृष्णविवराच्या दाखल्याची गरज नाही, आणि कृष्णविवराच्या शास्त्राला आमच्या मोहोरेचीही नाही.

मग वहीचा हिशेब कोठे आहे? तो आहे पाहिलेल्या माणसांपाशी. पैसे मोजले तेव्हा ओसरीवर आणखी कोणी बसले होते की नाही? आम्ही मुलाला बोलावून हेच विचारले. त्याने तीन नावे सांगितली. तिघेही माळकरी, तिघेही त्या सप्ताहात टाळ घेऊन उभे राहिलेले. आम्ही एकेकाकडे गेलो. पहिला म्हणाला, आठवत नाही. दुसरा म्हणाला, "महाराज, देव बघून घेईल, आपण कशाला मधी पडायचं?"

हे ऐकून आम्हांस चहाचा कपच आठवला. आपण पाहिलेले, आपण जाणलेले, तोंडातून काढावयाचे नाही म्हणून 'देव बघून घेईल' असे म्हणावयाचे, म्हणजे देवाच्या नावाने एक विवर खणून त्यात आपली साक्ष टाकून देणे होय. वही आगीत जळाली असेल. पण हिशेब बुडतो तो अशा गप्प बसण्याने. आणि त्या पापात आमचाही वाटा होता, कारण ज्याची पंगत जेवलो त्याचा गौरव करताना आम्हीही काही विचारले नव्हते.

तिसरा विणेकरी होता, सत्तरीचा. त्याने बराच वेळ खाली पाहिले. मग म्हणाला, "व्हतो मी तिथं. दोन्ही साली व्हतो. नोटा म्याच मोजल्या, त्याला दिसत न्हाई नीट म्हनून." दुसऱ्या दिवशी देवळाच्या पारावर चार माणसांपुढे त्याने हेच सांगितले. मुकादम चिडला, मग नरमला. एका हंगामाचा हिशेब त्याने मान्य केला. दुसऱ्याचा वाद अजून चालू आहे. विणेकऱ्याच्या घरी यंदा मुकादमाची माणसे कामाला आली नाहीत, तेवढी किंमत त्या म्हाताऱ्याने मोजली.

येत्या चैत्रात त्याच गावी पुन्हा कीर्तनसेवा आहे. आरंभीच त्या मुलाला पुढे बसवून मागल्या दृष्टांतातली चूक सांगावयाची, असे ठरविले आहे. नव्याने ज्यांना दृष्टांत हवा असेल त्यांच्यासाठी कृष्णविवर आहेच. पण मग खरे ते सांगावे : त्याला उंबरा आहे, त्या उंबऱ्याला ऊब आहे, त्यावर नोंद आहे, आणि आतली वाट कोठे जाते हे शोधण्यासाठी माणसे अजून जागत आहेत.

रामकृष्णहरि.